पावसात डिस्क गोल्फ कसे खेळावे : पकड, पाय आणि पंचे

अमेरिकेच्या वायव्येला असलेल्या ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत डिस्क गोल्फ, म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती बास्केटमध्ये फेकण्याचा खेळ, खेळायचे ठरवले, की पावसाशी जुळवून घ्यावेच लागते. पोर्टलंड आणि सिॲटल परिसरात साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून वसंतापर्यंत आभाळ बहुतेक दिवस भरलेले असते, आणि जो कोरड्या शनिवारची वाट पाहत बसेल त्याचा सगळा हिवाळा खेळाविनाच सरेल. गंमत अशी, की नुसत्या आकड्यांकडे पाहिले तर मुंबई-कोकणातून आलेल्या माणसाला हा पाऊस किरकोळ वाटावा. सिॲटलमध्ये वर्षभरात सुमारे ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलै महिन्याची सरासरीच ८०० मिलिमीटरच्या वर जाते. परंतु मुंबईचा पाऊस कोसळतो आणि मधे उघडीप देतो, तर इथला पाऊस दिवसचे दिवस रिपरिपत राहतो. सोबत सात-आठ अंश सेल्सिअसची थंडी असते आणि ऊन नसल्यामुळे एकदा भिजलेली वस्तू खेळ संपेपर्यंत वाळत नाही. हिल्सबरो, बीव्हर्टन, रेडमंड अशा गावांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि या खेळाची गोडी लागलेल्या मराठी मंडळींना इथला पहिला हिवाळा म्हणूनच अवघड जातो. पावसाची सवय असते. थंड आणि न थांबणाऱ्या पावसाची नसते.

हा खेळ जन्माला आला तो मात्र कोरड्या प्रदेशात. लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान तयार झाले, आणि एड हेड्रिक यांनी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट प्रचारात आणली. टीवरून, म्हणजे पहिल्या फेकीसाठी आखलेल्या जागेवरून, डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती बास्केटमध्ये घालायची, एवढाच या खेळाचा गाभा आहे. कॅलिफोर्नियाच्या उन्हात जे सहज जमते, त्यातल्या दोन गोष्टी पाऊस बिघडवतो : बोटांची डिस्कवरची पकड आणि पायांची जमिनीवरची पकड. कपडे, पिशवी, डोके, पाठ यांपैकी काहीही भिजले तरी खेळ चालू राहतो. बोटे आणि पाऊल सुटले की तो थांबतो. त्यामुळे सर्व काही कोरडे ठेवण्याचा नाद सोडून, हाताशी असलेले सगळे कोरडे कापड आणि सगळी सावधगिरी या दोन जागांवरच खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंच्यांची व्यवस्था

नवखा खेळाडू एकच जाड टॉवेल घेऊन येतो. तिसऱ्या-चौथ्या बास्केटपर्यंत त्याच टॉवेलने तो डिस्कवरचा चिखलही पुसतो आणि हातही पुसतो, आणि त्यानंतर तो टॉवेल डिस्क कोरडी करण्याऐवजी तिला सारखेपणाने ओली करण्याचेच काम करतो. यावरचा उपाय म्हणजे पुसण्याची कामे वेगळी करणे. एक जुना टॉवेल पिशवीच्या बाहेर अडकवावा आणि तो भिजणार हे गृहीत धरून त्याने फक्त चिखल, गवत आणि पाण्याचा पहिला थर काढावा. दुसरा टॉवेल छत्रीखाली किंवा पिशवीच्या झाकणाआड ठेवून फेकीच्या अगदी आधी वापरावा. तिसरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि तो फेरीच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवावा; दुसरा दमट झाला, की हा बाहेर काढायचा. अठरा बास्केटची पूर्ण फेरी संततधार पावसात खेळायची असेल, तर आणखी दोन-तीन कापडे जवळ असलेली बरी.

मायक्रोफायबरचे टॉवेल या कामासाठी सर्वत्र विकले जातात आणि ते चांगलेही असतात, पण गावाहून आणलेला सुती पंचा त्यांच्यापेक्षा कमी आहे असे मला वाटत नाही. तो पाणी चटकन शोषतो, घडी करून खिशात मावतो आणि पिळला की पुन्हा कामाला येतो. मात्र पंचा नवा नसावा. खळ असलेले कोरे सुती कापड पाणी पसरवते, टिपत नाही.

पुसण्याचा क्रमही ठरलेला असावा. जमिनीवरून डिस्क उचलताच ती झटकावी आणि बाहेरच्या टॉवेलने पुसूनच पिशवीत ठेवावी, कारण एक ओली डिस्क शेजारच्या चार डिस्कना ओले करते. फेकण्यापूर्वी संपूर्ण डिस्क चकचकीत करण्याची गरज नसते. अंगठा टेकतो तो वरचा भाग आणि बोटे दाबतात तो कडेचा आतला भाग, म्हणजेच रिमची आतली बाजू, एवढ्या दोन जागा कोरड्या असल्या की पुरे. रिमच्या आतल्या कोपऱ्यात पाण्याची बारीक रेघ उरते, ती नजरेला दिसत नाही आणि डिस्क हातून निसटते ती बहुधा तिच्यामुळेच. म्हणून टॉवेलमध्ये बोट गुंडाळून त्या कोपऱ्यातून एकदा फिरवावे. हे सगळे छत्रीखाली करावे, आणि आपली पाळी येण्याआधी करावे. व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमांनुसार पाळी आल्यावर आणि मार्ग मोकळा असल्यावर फेकीसाठी ३० सेकंद मिळतात. त्यातली पंधरा टॉवेल शोधण्यात गेली, तर उरलेली घाईत जातात.

फेकणारा हात

उजव्या हाताने फेकणाऱ्याने पावसात उजवा हात दुसऱ्या कोणत्याही कामाला लावू नये, आणि डावखुऱ्याने डावा. छत्री धरणे, चिखलातून डिस्क उचलणे, फांदी बाजूला सारणे, फोनवर गुण नोंदवणे ही सगळी कामे दुसऱ्या हाताची. ही एवढी एक शिस्त पाळली, तरी टॉवेलवरचा निम्मा भार हलका होतो. फेकणारा हात मधल्या वेळात कमरेला बांधलेल्या हातमोज्यासारख्या उबदार पाउचमध्ये किंवा रेनकोटच्या आत ठेवावा. रेनकोटच्या बाहेरच्या खिशात ठेवू नये, कारण तिथे पाणी साचलेले असते. पाउचमध्ये हात गरम ठेवणारी पाकिटे ठेवता येतात. थंडीने बधिर झालेल्या बोटांना डिस्क किती घट्ट धरली आहे हे कळत नाही, आणि न कळणारी पकड ही ओल्या पकडीइतकीच बेभरवशाची असते.

हातावर चोळण्यासाठी पावडरची छोटी पुरचुंडी मिळते. ती उपयुक्त आहे, पण आधी हात टॉवेलने कोरडा करून मगच तिला हात लावावा. ओल्या बोटांनी ती दाबली तर पावडरचा लगदा होतो, तो रिमला चिकटतो आणि पुरचुंडीही त्या दिवसापुरती निकामी होते. रबरी पकडीचे हातमोजे नियमांत बसतात आणि काही जण ते आवर्जून घालतात. माझ्या मते दूरच्या फेकीसाठी ते चालून जातात. जवळच्या फेकीत मात्र बोटांना डिस्कचा स्पर्श हवा असतो आणि तिथे हातमोजा आड येतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हात वर-खाली करताना पाणी बाहीवरून मनगटाकडे आणि मनगटावरून तळव्याकडे उतरते, आणि नुकतीच पुसलेली डिस्क हातातल्या हातातच ओली होते. मनगटावर टेरीकापडाचा पट्टा चढवला की ही गळती थांबते. रेनकोटच्या बाह्या रुंद आणि ढिल्या असतील तर पट्टा बाहीच्या आत घ्यावा, आणि बाही इतकी सैलही नसावी की फेकताना तिचा घोळ छातीला घासेल. डोक्यावर रेनकोटचे टोपडे ओढण्यापेक्षा पुढे झाप असलेली टोपी घातलेली चांगली, कारण टोपड्यामुळे मान वळवून लक्ष्याकडे पाहताना एक डोळा झाकला जातो. चष्मा लावणाऱ्यांना तर झाप असलेली टोपी अत्यावश्यकच आहे. अंगालगत सुती गंजीऐवजी लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा कपडा असावा. भिजलेले सुती कापड अंगातली ऊब काढून घेते.

कोणत्या डिस्क न्याव्यात

थोड्या. कोरड्या दिवसांत वीस-वीस डिस्क पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांनीही पावसात सहा-सात डिस्कवर भागवावे. प्रत्येक जास्तीची डिस्क म्हणजे जास्तीचे पुसणे, आणि पर्याय कमी असले की निर्णयही लवकर होतो. लांबच्या फेकीचे एक-दोन ड्रायव्हर, मध्यम अंतराच्या दोन मिडरेंज, जवळच्या फेकीसाठी एक आणि बास्केटमध्ये घालण्यासाठी एकाच साच्याचे दोन पटर एवढा संच पुरतो. दोन पटर अशासाठी, की एक चिखलात पडला तर दुसरा हातात तयार असतो.

डिस्कच्या प्लास्टिकला पावसात फार महत्त्व येते. इनोव्हा कंपनीचे चॅम्पियन किंवा डिस्कक्राफ्टचे झी यांसारखे काचेसारखे पारदर्शक, टिकाऊ प्लास्टिक ओले झाले की निसरडे होते. त्यापेक्षा स्टार किंवा ईएसपीसारखे किंचित रबरी, अपारदर्शक प्लास्टिक हातात बरे बसते. स्वस्तातले साधे प्लास्टिक, उदाहरणार्थ डीएक्स, झाडांवर आदळून लवकर झिजते, परंतु झिजलेल्या डिस्कवरचे बारीक ओरखडे ओल्या बोटांना आधार देतात. म्हणून घरात पडून असलेला जुना पटर हिवाळ्यात पुन्हा पिशवीत यावा. थंडीत सर्वच प्लास्टिक कडक होते, त्यामुळे दुकानाच्या उबेत मऊ वाटलेली डिस्क मैदानावर तशीच वाटेल असे धरून चालू नये.

रुंद रिमचे अतिवेगवान ड्रायव्हर घरी ठेवावेत. त्यांना पूर्ण वेगाने फेकले तरच ते नीट उडतात, आणि पूर्ण वेग पावसात परवडत नाही. पडून कुजलेल्या पानांच्या रंगाच्या, म्हणजे तपकिरी, गडद हिरव्या, मरून अशा डिस्कही नकोत. नोव्हेंबरमध्ये ओल्या मेपल पानांच्या थराखाली सरकलेली डिस्क दोन पावलांवर असूनही सापडत नाही. गुलाबी आणि फिक्या निळ्या रंगांची निसर्गात सरमिसळ होत नाही, हे लक्षात ठेवून खरेदी करावी.

पाय

पावसातल्या दुखापती बहुतेक टीवर होतात. कोरड्या दिवशी खेळाडू तीन-चार पावले धावत येतो, शेवटचे पाऊल रोवतो, आणि त्या रोवलेल्या पायाभोवती कंबर फिरून सगळी ताकद हातात येते. सिमेंटच्या टीवर शेवाळ आणि ओली पाने असली की तेच शेवटचे पाऊल घसरते, अंग पुढे जाते, आणि गुडघा किंवा जांघ दुखावते. उलटा धोकाही आहे : काही टीवर रबरी चटई घातलेली असते, तिच्यावर बूट गच्च चिकटतो, पाय वळत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून फेकण्यापूर्वी टीवर चालून, टाच दाबून, बूट किती सरकतो हे पाहावे. पाने पायाने बाजूला करावीत, आणि बुटाच्या तळव्यातला चिखल टीच्या कडेला घासून काढावा. पिशवीत एखादे जुने पायपुसणे ठेवणारे खेळाडू इथे पुष्कळ आहेत, आणि ते मुळीच हास्यास्पद नाहीत. टीच्या पुढच्या फेकींसाठी, जिथे डिस्क पडली तिथे उभे राहायला असे कापड अंथरणे नियमांत बसते. दाबल्यावर त्याची जाडी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, एवढीच अट आहे.

धावत येण्याचा मोह टाळणे हा या सगळ्यावरचा सर्वात सोपा उपाय आहे. एका पावलात किंवा जागेवर उभे राहून फेकल्यास अंतर काही प्रमाणात घटते, पण दिशा सुधारते. जो कोरड्या दिवशी ३०० फूट फेकतो त्याने पावसात २५० फूट धरून बेत आखला, तर त्याचे गुण अनेकदा बिघडतच नाहीत, कारण सोबतचे खेळाडू ३०० फुटांच्या हट्टापायी झाडीत शिरलेले असतात. ही जागेवरची फेक ऐन पावसात शिकण्याची गोष्ट नव्हे. ती सप्टेंबरमध्येच घोटून ठेवावी.

बूट खोल दातांच्या तळव्याचे, म्हणजे डोंगरवाटांवर धावण्यासाठी मिळतात तसे असावेत. पाणी न शिरणारे अस्तर उपयोगी पडते, पण ओल्या उंच गवतातून चालताना पाणी वरून शिरतेच आणि मग तेच अस्तर ते आत अडवून ठेवते. लोकरीच्या मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत असावा आणि नवव्या बास्केटपाशी तो बदलावा. यासारखे सुख नाही.

फेक आणि तिचा बेत

ओल्या डिस्कची भीती वाटली की माणूस ती आवळून धरतो, आणि तिथेच नवी अडचण उभी राहते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून डावीकडून उजवीकडे नेत, फेकताना डिस्क निसटली तर ती लवकर सुटून डावीकडे जाते. आवळलेली डिस्क उशिरा सुटते आणि उजवीकडे जाते. दोन्ही चुका एकाच फेरीत आळीपाळीने होऊ लागल्या, तर दोष हाताच्या झोताचा नसून पकडीचा आहे असे समजावे. सुरुवातीला मनगट आणि खांदा सैल सोडून डिस्क हळू मागे न्यावी आणि फेकीच्या शेवटच्या टप्प्यात बोटे घट्ट करावीत. सत्तर टक्के जोर पुरेसा असतो. चारही बोटे रिमच्या आत घेऊन धरलेली पकड पावसात अधिक भरवशाची; डिस्कच्या तळाशी बोटे पसरून धरण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी निदान टीवर तरी ती बदलावी.

फोरहँडबद्दल, म्हणजे हात अंगाच्या बाजूने पुढे आणून केलेल्या फेकीबद्दल, खेळाडूंमध्ये एकवाक्यता नाही. त्यात धावत येण्याची गरज कमी असल्यामुळे काही जण पावसात त्याकडेच वळतात. परंतु फोरहँडमध्ये डिस्कचा सगळा भार दोन बोटे आणि अंगठा यांच्यावर येतो, आणि तेवढ्या जागेत थोडेसे पाणी राहिले तरी डिस्क डगमगत जाते. ज्याचा फोरहँड मुळातच पक्का आहे त्याने तो जरूर वापरावा; इतरांनी पावसात तो शिकायला जाऊ नये.

डिस्क जमिनीवर आल्यावर काय करील याचा अंदाजही बदलावा लागतो, आणि तो जमिनीनुसार वेगवेगळा असतो. आखूड, ओल्या गवतावर सपाट उतरलेली डिस्क लांब घसरत जाते. चिखलात किंवा भिजून मऊ झालेल्या लाकडाच्या चुऱ्यात ती आहे तिथेच रुतते. म्हणून बास्केटच्या मागे उतार किंवा ओढा असेल, आणि पुढे आखूड गवत असेल, तर डिस्क उंचावरून तिरकी उतरेल अशी फेकावी. कडेवर घरंगळत जाणारी फेक मात्र चिखलात करूच नये. पावसाचे थेंब उडत्या डिस्कला थोडे खाली दाबतात, पण त्याहून मोठा परिणाम पावसासोबतच्या वाऱ्याचा असतो. समोरचा वारा उजव्या हाताची बॅकहँड डिस्क उजवीकडे वळवतो आणि वर उचलतो. पाठीमागचा वारा तिची तरंगण्याची ताकद काढून घेतो आणि ती लवकर डावीकडे पडते. समोरून वारा असेल तर अधिक स्थिर, न वळणारी डिस्क निवडावी आणि ती कमी उंचीने फेकावी.

पोर्टलंडच्या पिअर पार्कसारख्या, उंच डग्लस फर वृक्षांखालच्या मैदानांवर एक वेगळीच तऱ्हा असते. तिथे पाऊस सुरू झाल्याचे उशिरा कळते आणि थांबल्याचे त्याहून उशिरा, कारण झाडे पुढे कितीतरी वेळ ठिबकत राहतात. आभाळ उघडले म्हणून छत्री मिटण्याची घाई अशा ठिकाणी करू नये.

बास्केटजवळ

दहा मीटरच्या आतून फेकताना डिस्क सुटल्यावर तोल सावरून दाखवावा लागतो, त्याआधी पाऊल पुढे टाकता येत नाही. ओल्या उतारावर हा नियम अचानक कठीण होतो. दोन्ही पाय नेहमीपेक्षा रुंद ठेवून, मागचा पाय न उचलता, थोड्या कमी झोकाने फेकावे. डिस्क साखळ्यांच्या मध्यावर जाईल असे पाहावे. ओल्या साखळ्यांच्या कडेला लागलेला ओला पटर सहज निसटून बाहेर येतो. अवघड अंतरावरून, विशेषतः मागे उतार असताना, थेट प्रयत्न करण्याऐवजी डिस्क बास्केटखाली ठेवून पुढच्या फेकीत ती आत घालणे शहाणपणाचे. पावसाने साचलेल्या डबक्यात डिस्क पडली, आणि ते डबके मैदानाचा नेहमीचा भाग नसेल, तर बास्केट आणि डिस्क यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे सरकून कोरड्या जागेवरून दंडाविना फेकता येते. हे माहीत नसल्यामुळे घोटाभर पाण्यात निष्ठेने उभे राहणारे खेळाडू दिसतात.

केव्हा थांबावे

मेघगर्जना ऐकू आली की खेळ त्याच क्षणी थांबवावा. लोखंडी खांब, मोकळे मैदान, उंच झाडे आणि हातातली छत्री यांतले काहीच विजेच्या वेळी आपल्या बाजूचे नसते. झाडाखाली आसरा घेऊ नये. पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे जाऊ द्यावीत. वायव्य किनाऱ्यावर विजा तुलनेने कमी, पण हिवाळी वादळातला वारा जोराचा असतो आणि भिजून जड झालेल्या फांद्या तुटून खाली येतात. फर वृक्षांचे शेंडे घुसळू लागले की गुण कितीही चांगले असोत, मैदान सोडावे. दिवसाच्या उजेडाचाही हिशेब ठेवावा : डिसेंबरमध्ये सिॲटलला सूर्य साडेचारच्या आधीच मावळतो आणि ढगांमुळे अंधार त्याहूनही लवकर दाटतो. बोटे बधिर होऊन बुटाची नाडी सोडवता येईनाशी झाली, तर तीही थांबण्याची वेळ समजावी.

घरी आल्यावर पिशवी तशीच गाडीत ठेवली, तर दोन दिवसांत तिला कुबट वास येतो आणि कापडावर बुरशी धरते. सगळ्या डिस्क काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवाव्यात, रिमच्या कोपऱ्यातला पावडरचा लगदा दातांच्या जुन्या ब्रशने काढावा, आणि त्या हीटरवर न ठेवता टॉवेलवर सपाट पसरून वाळवाव्यात, कारण उष्णतेने साध्या प्लास्टिकचा आकार बिघडतो. पिशवी उलटी टांगावी, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, छत्री उघडी ठेवावी, आणि सगळे टॉवेल व पंचे त्याच रात्री धुऊन टाकावेत. धुताना कपडे मऊ करणारे द्रावण घालू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पुढच्या पावसात तो टॉवेल पाणी शोषत नाही.